मे महिन्यातला तंबू, ऑगस्टमधले पाणी : पवनेच्या काठी घर, कॉटेज, कॅम्प चालवताना काय पाळायचे?

पवनानगर (ता. मावळ) : शनिवारची दुपार झाली की कामशेतहून पवनानगरकडे येणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर या किल्ल्यांच्या कुशीत पसरलेल्या पवना धरणाच्या काठावर रात्री तंबू, कॉटेज आणि बंगल्यांचे दिवे लागतात. रविवारी संध्याकाळी गाड्या परत फिरतात. पाहुणे जातात, पण संडासातला मैला, मोरीचे सांडपाणी, ताटातले खरकटे, शेकोटीची राख आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या इथेच राहतात. हे सगळे पुढे कुठे जाते, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

पवना धरणाची साठवण क्षमता साधारण साडेआठ टीएमसी आहे. धरणातून नदीत सोडलेले पाणी पुढे रावेत बंधाऱ्याजवळ उचलून पिंपरी-चिंचवड शहराला दिले जाते. काठावरच्या गावांच्या विहिरी आणि नळयोजनाही याच पाण्यावर चालतात. याच पाण्यासाठी मावळच्या शेतकऱ्यांनी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. ज्या पाण्यासाठी माणसे मेली, त्या पाण्यात आपण काय सोडतो आहोत, हे बघणेही तितकेच गरजेचे आहे.

आज काठावरच्या अनेक घरांची चूल पर्यटनावर पेटते. धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांतली तरुण मुले तंबू लावतात, जेवण बनवतात, होड्या चालवतात. शहरातल्या लोकांचे बंगले आहेत, त्यांवर राखणदार म्हणून गावातलीच माणसे आहेत. म्हणून 'सगळे बंद करा' म्हणणे सोपे असले तरी त्याने प्रश्न सुटत नाही. पाणी चांगले राहिले तरच पाहुणा येणार आणि गावालाही प्यायला मिळणार. त्यासाठी काय करायचे, ते सविस्तर पाहू.

काठ नेमका कुठे आहे?

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. धरणाचा काठ वर्षभर एका जागी नसतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरण भरते, तेव्हा पाणी सर्वांत वरच्या रेषेला असते. दिवाळीनंतर ते हळूहळू मागे सरकते. मे महिन्यात तर काही ठिकाणी शेकडो फूट रुंदीची जमीन उघडी पडते. जुने शेतकरी या जमिनीला गाळपेर म्हणतात. पाणी ओसरेल तसे तिथे पीक घेण्याची पद्धत आहे.

पाहुण्याला पाण्याला खेटून तंबू हवा असतो. त्यामुळे पाणी मागे गेले की तंबूही त्याच्यामागे खाली सरकतात. मग तिथेच शेकोटी पेटते, भांडी घासली जातात, कधी आडोशाला पत्रे लावून तात्पुरता संडास उभा राहतो. मे महिन्यात ही जागा कोरडी ठणठणीत दिसते. पण तोच तुकडा ऑगस्टमध्ये दहा-पंधरा फूट पाण्याखाली असतो. खड्ड्यात पुरलेला कचरा, राख, मैला यांतले काहीही 'जमिनीत' राहत नाही. ते थेट धरणात मिसळते.

म्हणून काठावर राहणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. अंतर मोजायचे ते आज दिसणाऱ्या पाण्यापासून नाही, तर धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येते त्या रेषेपासून. ही रेष गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो बोट दाखवून सांगेल. त्या रेषेच्या खाली खड्डा, टाकी, संडास, चूल, कचरा काहीच नको. शिवाय ही संपादित जमीन पाटबंधारे खात्याची आहे. तिथे परवानगीशिवाय बांधकाम किंवा धंदा केला, तर ते अतिक्रमण ठरते, हेही लक्षात ठेवा.

सेप्टिक टँक पाणी शुद्ध करत नाही

'आमच्याकडे सेप्टिक टँक आहे, त्यामुळे काळजी नाही,' असे बरेच जण सांगतात. टाकी आहे ही चांगली गोष्ट. पण तिचे काम नेमके काय, ते समजून घ्यायला हवे.

संडासातून आलेला मैला टाकीत पडला की त्याचे तीन थर होतात. जड गाळ तळाशी बसतो. तेल-तूप, फेस असे हलके पदार्थ सायीसारखे वर तरंगतात. मधल्या थरात पाणी राहते आणि तेच पाणी दुसऱ्या कप्प्यातून बाहेर पडते. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ हळूहळू कुजवतात. हे सगळे व्हायला आलेले पाणी टाकीत साधारण दिवसभर तरी थांबले पाहिजे.

बाहेर पडणारे पाणी वरून निवळ दिसते, पण त्यात रोगजंतू असतात, नत्र आणि फॉस्फरस असतो. ते खरे स्वच्छ करते ती शोषखड्ड्याभोवतीची माती. मातीच्या कणांमध्ये जंतू अडकून मरतात. आपल्याकडची तांबडी माती तर लोहामुळे फॉस्फरस चांगला धरून ठेवते. म्हणजे टाकी मैला वेगळा करते आणि माती पाणी गाळते. माती नसेल, उथळ असेल किंवा खाली फुटका कातळ असेल, तर पाणी भेगांतून न गाळता सरळ विहिरीला किंवा तळ्याला जाऊन मिळते.

आता शनिवारचा हिशेब करा. पाच माणसांच्या घरासाठी दोन हजार लिटरची टाकी बांधली आहे. पुढे घराचा होमस्टे झाला, बाजूला तंबू लागले. समजा एका शनिवारी साठ पाहुणे आले आणि प्रत्येकाने अंघोळ-संडास मिळून ऐंशी लिटर पाणी वापरले, तर एका रात्रीत चार हजार आठशे लिटर झाले. दोन हजार लिटरच्या टाकीत हे पाणी दहा तासही थांबत नाही. तळाला गाळ साचलेला असेल तर त्याहून कमी. मग न कुजलेला मैला पाण्याबरोबर बाहेर पडतो, शोषखड्ड्याची छिद्रे बुजतात आणि एक दिवस खड्डाच वर येतो. काही ठिकाणी अशा वेळी पाइप काढून ओढ्यात सोडला जातो. ओढा कुठे जातो, हे सांगायला नको.

हिशेब डीएपीच्या गोणीत

मैल्यातला फॉस्फरस म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत स्फुरद. एका माणसाच्या मलमूत्रातून रोज साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो, त्यातला बराचसा लघवीतून. साठ पाहुण्यांचे एका रात्रीत नव्वद ग्रॅम झाले. वर्षातल्या सत्तर रात्री असे पाहुणे राहिले, तर सहा किलोच्या वर जाते.

डीएपीच्या पन्नास किलोच्या गोणीत शुद्ध फॉस्फरस साधारण दहा किलो असतो. म्हणजे एकाच कॅम्पचा मैला मातीत न गाळता पाण्यात गेला, तर वर्षाला अर्ध्या गोणीपेक्षा जास्त डीएपी धरणात ओतल्यासारखे झाले. असे दहा कॅम्प धरले तर सहा गोण्या. कपडे-भांड्यांच्या साबणाचा हिशेब यात धरलेलाच नाही. कुठला शेतकरी विकतचे खत तळ्यात ओतेल?

पाण्यात पडलेले खत पाण्यातलेच पीक वाढवते. ते पीक म्हणजे शेवाळ. एक किलो फॉस्फरसवर शेकडो किलो शेवाळ पोसले जाऊ शकते.

तळे हिरवे झाले की काय होते?

कॅनडामध्ये तळ्याकाठी सुटीची घरे बांधण्याची जुनी रीत आहे. तिथली तळी हिरवी का पडतात, हे शोधण्यासाठी ओंटारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक प्रयोग केला. एका छोट्या तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकले. दुसऱ्या भागात तेच टाकून वर फॉस्फरस टाकला. फॉस्फरस टाकलेला भाग हिरवागार झाला, दुसरा भाग मात्र स्वच्छ राहिला. दोष फॉस्फरसकडे जातो, हे एवढ्यावरून जगाला कळले.

लांब कशाला जायचे? कोल्हापूरच्या रंकाळ्यात शहराचे सांडपाणी मिसळत गेले आणि पाणी हिरवे पडून वास सुटण्याची वेळ आली, हे सगळ्यांनी पाहिले आहे. एकदा तळे बिघडले की ते सुधारायला कित्येक वर्षे आणि मोठा पैसा लागतो.

शेवाळ वाढले की पाण्याला वास येतो, ते गाळायला जास्त खर्च येतो. रात्री शेवाळ पाण्यातला प्राणवायू वापरते. ते मेल्यावर कुजतानाही प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून वर येतात. निळ्या-हिरव्या शेवाळाचे काही प्रकार विषारी असतात. असे पाणी प्यायलेली जनावरे आजारी पडतात, दगावूही शकतात. मासेमारी करणारा आणि गुरे राखणारा यांना याची झळ सर्वांत आधी बसते.

विहिरींचा प्रश्न वेगळा आहे. मैल्यातल्या नत्राचे मातीत नायट्रेट होते आणि ते पाण्याबरोबर खाली झिरपते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक आहे. जास्त नायट्रेटचे पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी धोक्याचे असते. नायट्रेटला रंग नसतो, वास नसतो, पाणी उकळूनही ते जात नाही.

टाकी आणि शोषखड्डा : हे तपासून घ्या

- शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट लांब हवा. घरापासून तो किमान ६ मीटर दूर ठेवा. तळ्याचे अंतर भरलेल्या धरणाच्या रेषेपासून मोजा आणि जमेल तितके जास्त ठेवा.
- उतारावर विहीर खाली आणि खड्डा वर, असे होऊ देऊ नका.
- पावसाळ्यात खड्ड्याच्या तळापर्यंत भूजल येता कामा नये. जवळच्या विहिरीत ऑगस्टमध्ये पाणी किती वर येते, ते बघून ठरवा.
- माती पाणी पिते की नाही, ते आधी बघा. छोटा खड्डा करून आदल्या रात्री पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी टाकून एक इंच उतरायला किती वेळ लागतो, ते घड्याळात पाहा. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर शोषखड्डा चालेल. तासापेक्षा जास्त लागला तर तिथे शोषखड्डा चालणार नाही, जागा बदला किंवा जाणकार इंजिनीअरला विचारा.
- टाकी दोन कप्प्यांची हवी. फक्त खाली मोकळा सोडलेला खड्डा म्हणजे सेप्टिक टँक नव्हे.
- हवेच्या पाइपच्या तोंडाला जाळी बांधा, नाही तर डासांची पैदास होते.
- संडासात ॲसिड, फिनेल भसाभसा ओतू नका. टाकीतले कामाचे जिवाणू त्याने मरतात.
- सॅनिटरी पॅड, डायपर, ओले टिश्यू, सिगारेटची थोटके संडासात टाकू नयेत, असा मराठी-हिंदी फलक लावा. आत झाकणाची बादली ठेवा.
- पाहुणे किती घ्यायचे, हे तंबूंच्या संख्येवर नाही, टाकीच्या आकारावर ठरवा.

दोन-तीन खोल्यांच्या छोट्या होमस्टेसाठी दोन खड्ड्यांचे शौचालय हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचे. पहिला खड्डा दीड-दोन वर्षे झाकून ठेवला की आतला मैला कुजून कोरडे, वास नसलेले सोनखत होते. ते शेतात वापरता येते. मात्र इथेही अंतराचे आणि भूजलाचे नियम तेच.

टाकी उपसताना जीव सांभाळा

घरगुती टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. कॅम्पची टाकी लवकर भरते, म्हणून दर सहा महिन्यांनी काठी घालून गाळ मोजा. टाकीचा तिसरा हिस्सा गाळाने भरला की गाडी बोलवायची वेळ झाली.

टाकीत माणूस उतरवू नका. आत विषारी वायू साचलेला असतो, एका श्वासात माणूस कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. झाकण उघडून काडी पेटवून आत बघणेही धोक्याचे आहे, कारण आतला वायू पेट घेतो. टाकी साफ करायला संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा करणारी गाडी बोलवा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

गाडीवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा, 'हे कुठे रिकामे करणार?' 'बघतो कुठेतरी' असे उत्तर आले तर तो माल रात्री एखाद्या ओढ्यात जाणार, हे समजून घ्या. मैला शुद्धीकरण केंद्रावर नेणाऱ्यालाच काम द्या आणि पावती मागा.

मोरी आणि स्वयंपाकघर

अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी मैल्याच्या टाकीत सोडू नका. त्याने टाकी उगाच भरते. या पाण्याला वेगळी वाट द्या. भांडी घासण्याआधी खरकटे आणि तेलकट थर कागदाने किंवा राखेने पुसून काढा. मोरीच्या पाइपवर तेल अडवणारी छोटी टाकी बसवा, तिच्यावर जमलेले तेल आठवड्याला काढा. पुढचे पाणी केळी, अळू, कर्दळ लावलेल्या परसबागेत फिरवा. परसबागेला जागा नसेल तर दगड-विटांचे तुकडे भरलेला शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यात असे खड्डे घरोघरी करून गटारे आणि डास कमी करण्याचे काम झाले आहे, 'नांदेड पॅटर्न' म्हणून ते राज्यभर माहीत आहे.

चादरी, उश्यांचे अभ्रे, ताडपत्र्या तळ्यात नेऊन धुऊ नका. पाणी बादलीने वर आणा, वर धुवा, साबणाचे पाणी शेतात किंवा झाडांना जाऊ द्या. हाच नियम गाड्या धुण्याला. पाण्यात गाडी घालून धुणारे पाहुणे दिसले तर हसतमुखाने पण ठामपणे अडवा.

कचरा : आला तसा परत

सोपा नियम असा की जे पाकिटातून आले, ते पाकिटासह परत गेले पाहिजे. आल्या-आल्या प्रत्येक गटाला एक पिशवी द्या आणि निघताना भरून घ्या. बाटलीबंद पाण्याऐवजी माठ किंवा मोठा जार ठेवा. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्याऐवजी स्टीलची ताटे वापरा किंवा पत्रावळी. पत्रावळीचे पैसे गावातल्याच घरात जातील.

ओल्या कचऱ्याचे खत करा किंवा तो खड्ड्यात कुजवा. हाडे आणि खरकटे उघड्यावर टाकले की भटकी कुत्री जमतात. प्लास्टिक जाळू नका, त्याचा धूर शेजारच्या घरातल्या लेकराच्या छातीत जातो. पुरूही नका, ऑगस्टमध्ये ते तरंगत वर येईल. पिशवीतल्या खरकट्याच्या वासाने गुरे पिशवीसकट खातात. पोट फुगून मेलेल्या गाईची भरपाई कुठला पाहुणा देणार?

शेकोटी, दिवे, आवाज

शेकोटी जमिनीवर न करता लोखंडी शेगडीत करा. राख सकाळी गोळा करून वर न्या. तिच्यात पालाश आणि स्फुरद असते, भाताच्या रोपवाटिकेला ती सोन्यासारखी आहे आणि पाण्यात गेली तर तेच शेवाळाला खाद्य. जंगलातली ओली लाकडे तोडू नका. काचेच्या बाटल्या फोडणाऱ्यांना वेळीच आवरा, गाळपेरीत अनवाणी चालणाऱ्याच्या पायात ती काच घुसते.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत सह्याद्रीत काजवे चमकतात. नर-मादी एकमेकांना प्रकाशानेच ओळखतात. मोठे फ्लडलाइट लावले की त्यांचे मीलन बिघडते आणि पुढच्या वर्षी काजवे कमी होतात. पाहुणे तर ते बघायलाच येतात. दिवे पिवळे, मंद आणि खाली तोंड करून लावा.

रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने मनाई आहे. पाण्यावरून आवाज लांब जातो. या काठाला लावलेला डीजे त्या काठावरच्या आजारी माणसाची झोप मोडतो.

काठावरची झुडपे तोडू नका

पाहुण्याला 'व्ह्यू' मिळावा म्हणून काठ साफ करून मुरूम टाकण्याची आणि भिंत बांधण्याची हौस वाढली आहे. पण काठावरचे गवत आणि झुडपे म्हणजे तळ्याची शेवटची गाळणी. डोंगरावरून येणारा गाळ, खत, शेण तिथे अडते. ती काढली की गाळ सरळ पाण्यात जातो आणि धरणाची साठवण कमी होते. भरलेल्या धरणाच्या रेषेच्या वर जमेल तितका रुंद पट्टा मोकळा सोडा. तिथे वाळा, बांबू, करंज, जांभूळ, उंबर लावा. बघायला वाट हवी असेल तर माणूस जाईल एवढी एक पायवाट पुरते.

शेतकऱ्यांचाही वाटा

सगळा दोष पाहुण्यांवर ढकलून चालणार नाही. काठावरच्या भातखाचरातूनही खत वाहून जाते. मोठा पाऊस येणार असे दिसत असताना डीएपी फेकले तर निम्मे धरणात जाण्याची भीती असते. माती परीक्षण करून लागेल तेवढेच खत द्या आणि बांध नीट ठेवा. शेणाचा उकिरडा ओढ्याच्या काठावर नको. फवारणीचा पंप आणि औषधांचे डबे तळ्यात धुऊ नका.

ग्रामपंचायतीने काय करावे?

एकट्या-दुकट्याने नियम पाळले तर शेजारचा कॅम्पवाला स्वस्तात खोली देऊन गिऱ्हाईक पळवतो. त्यामुळे नियम सगळ्या गावाचा हवा. ग्रामसभेत ठराव करून पुढील गोष्टी ठरवता येतील.

१. भरलेल्या धरणाच्या रेषेवर पाटबंधारे खात्याच्या मदतीने ठळक खुणा करणे. त्या खाली संडास, खड्डा, शेकोटी नको.

२. प्रत्येक कॅम्प, कॉटेज, बंगल्याची नोंद. टाकी किती लिटरची, शोषखड्डा कुठे, शेवटचा उपसा कधी झाला, याची वही.

३. उपशाची गाडी सगळ्यांनी मिळून एकाच वेळी बोलवणे. खर्च वाटला जातो आणि माल कुठे गेला, यावर लक्ष राहते.

४. सुक्या कचऱ्याची गाडी रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी. गर्दी असते तेव्हाच गाडी हवी.

५. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर विहिरी व नळाच्या पाण्याची तपासणी. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमच्या गावात तो संच कपाटात पडून आहे का, ते विचारा. जलसुरक्षक टीसीएल वेळेवर टाकतो का, गावाला पाण्याचे कार्ड लाल आहे की हिरवे, हेही ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

बंगला किंवा प्लॉट विकत घेणाऱ्यांनीही नुसता फोटो बघून सौदा करू नये. सातबारा, बिनशेती परवानगी, पीएमआरडीएची बांधकाम परवानगी बघाच. पण त्याआधी ऑगस्टमध्ये एकदा त्या जागेवर येऊन उभे राहा. पाणी कुठवर येते, ओढा कुठून वाहतो आणि शोषखड्ड्याला जागा उरते का, हे कुठल्याही कागदापेक्षा तिथे लवकर कळेल.

घरी करून बघा

काठावर राहणाऱ्या प्रत्येकाने दर महिन्याला एकदा आपल्या समोरचे पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत भरावे आणि पांढऱ्या कागदासमोर धरून बघावे. हिरवट छटा, तरंगणारे कण, वास काही जाणवते का, ते तारखेसह मोबाइलवर फोटो काढून ठेवावे. ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, बाटलीत पाणी स्वच्छ दिसले तरी ते पिण्याजोगे आहे असे समजू नये. पण वर्षभराचे बारा फोटो शेजारी ठेवले की पाणी सुधारते आहे की बिघडते आहे, हे ग्रामसभेत कोणालाही दाखवता येईल.

पाहुणा दोन दिवसांचा असतो. पाणी मात्र बारा महिने आपल्यालाच प्यायचे आहे. येत्या पावसाळ्याआधी आपली टाकी, आपला खड्डा आणि ऑगस्टची रेष एकदा बघून घ्या.